मुक्ताईला वाहिलेलं गाणं

मोटार लिंबाखाली थांबते न थांबते तोच शेजारची कुंदाबाई भिकुबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. तिचे हात पुरणानं भरलेले होते आणि खापरावरची पोळी तिनं तशीच टाकली होती.

"ऊठ व माय भिकुबाई. तुहा भाऊ आला न्याले. लोकाईचे भाऊ बैलगाडी आनतात, याने त घरायेवढी मोटार आनली. आता टेकून बसून जाजो माहेरले."

तोताराम मोटारीतून उतरत होता. शब्द त्याच्या कानावर पडले आणि त्याचा एक पाय पायरीवरच राहिला. आज आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आहे हे त्याला ठाऊक होतं, नव्हे, आखाजी साधूनच तो आला होता. पण आखाजीला दारात आलेला भाऊ बहिणीला न्यायलाच येतो, हे मात्र त्याच्या ध्यानातून साफ गेलं होतं.

तेवढ्यात भिकुबाई बाहेर आली. अंगावर घडीचं हिरवं लुगडं, कपाळावर ताजं कुंकू, आणि काखेत गाठोडं. इतक्या लवकर गाठोडं बांधून होत नाही. ते दर आखाजीला बांधून ठेवलेलं असायचं हे त्याला नंतर कळलं.

"आलास रे तोता," ती म्हणाली.

तोताराम वाकून तिच्या पाया पडला. मग उगाच मोटारीकडे बघत तो म्हणाला, "अक्का, ही आवाज घ्यायची मोटार आहे. सिनेमाची. मी तुझं गाणं घ्यायला आलोय. झोक्यावरचं."

भिकुबाईनं काखेतलं गाठोडं सावरलं. मग "बरं, बरं, आत तर ये," म्हणत वळली आणि गाठोडं घेऊन घरात गेली. परत आली ती पाण्याचा तांब्या घेऊन. कुंदाबाईनं आपले पुरणाचे हात पाहिले आणि ती घरी गेली.

आईबाप मानमोडीच्या साथीत आठवड्याच्या आत गेले तेव्हा तोताराम अजून शाळेत होता. भिकुबाईनं त्याला आपल्या सासरी आणून वाढवलं. उखर्डू दाजी देवमाणूस, एका शब्दानं त्यांनी कधी टोचलं नाही. माहेरच्या घराला कुलूप लागलं ते लागलंच. तेव्हा भिकुबाईचं माहेर म्हणजे हा एवढा भाऊच. तोही मिसरूड फुटता फुटता जळगावच्या बाजारात आलेल्या तंबूच्या सिनेमाबरोबर निघून गेला. मुक्या चित्रांचे दिवस होते. पडद्याच्या बाजूला बसून पेटी वाजवायची, पत्रा हलवून मेघगर्जना करायची, नारळाच्या करवंट्या आपटून घोडा पळवायचा. पुढं चित्रं बोलायला लागली तशी पेटीवाल्यांची पोटं गेली. तोताराम मुंबईत एका कंपनीत चिकटून राहिला आणि आवाजाची फिल्म कापायला-जोडायला शिकला. कुठला आवाज ठेवायचा, कुठला काढायचा, एका गाण्याची दोन तुकड्यांतली ओळ सांधा न कळता कशी जोडायची, यात त्याचा हात बसला. आता कंपनीचे मालक शेठ रतिलाल त्याला चालीसुद्धा विचारायचे.

सध्या चाललेल्या चित्रात खेड्यातल्या मुलीचा झोक्याचा प्रसंग होता. मुंबईच्या वाद्यवृंदानं बांधलेली चाल ऐकून तोताराम म्हणाला होता, हे आखाजीचं गाणं नव्हे, आखाजीचं गाणं माझी बहीण म्हणते. धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्यावर कंपनीचं काम चाललं होतं. तिथून एका दिवसासाठी त्यानं मोटार मागून घेतली. शेठला त्यानं चालीचं कारण सांगितलं. खरं कारण निराळं होतं. इतकी वर्षं त्यानं परक्यांचे आवाज कापले आणि जोडले, आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात एका आवाजाशी ताडून पाहिले. तो आवाज कुठंच धरून ठेवलेला नव्हता. अक्का आता थकत चालली होती.

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं पुन्हा विषय काढला. भिकुबाई म्हणाली, "माहं गानं नही रे आता."

"नही म्हणजे?"

ती चुलीकडे गेली. सांगितलं ते उखर्डू दाजींनी, ओसरीवर बसून, तंबाखू मळत. तोताराम मुंबईत मुदतीच्या तापानं पडला होता आणि वाचत नाही असा निरोप आला होता, त्या वर्षी ती अनवाणी मुक्ताईच्या देवळात गेली. मुक्ताई म्हणजे भावांची बहीण, तिच्याशिवाय हे कुणाला कळणार, असं म्हणाली आणि तिथं गाणं सोडून आली. "आमी म्हटलं, वांगं सोड, गूळ सोड. लोकं तेच सोडतात," दाजी म्हणाले. "तिले जे आवडे तेच तिनं सोडलं. मंग लग्नात नही, बारशात नही. नातवाले झोपवे तेबी मुक्यानं."

तोताराम उठून चुलीपाशी गेला. इतका वेळ जपलेली शहरी बोली त्याच्या तोंडून गळून पडली.

"अक्का, मी बरा झालो ना व. नवस फिटला. आता घे परत."

"नवस फेडाचा असते, तोता. हे सोडेल व्हतं." तिनं लाकूड पुढं सारलं. "म्या माही वस्तू परत घेतली, त मंग मुक्ताईनं तिची परत मागावं का?"

मुक्ताईची वस्तू म्हणजे तो स्वतः, हे कळायला त्याला वेळ लागला नाही. देवाशी केलेल्या बोलीत तिसऱ्यानं पडू नये.

आवाज घेणारा गिरधर मोटारीशी खोळंबला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, माईक लिंबात टांगून ठेवू. पोरी झोक्यावर बसल्या की बायकांच्या ओठांवर गाणं आपोआप येतं. त्यांना कळणारसुद्धा नाही." तोतारामनं हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही, आणि माईक लिंबात गेला. भिकुबाई झोक्यापाशी आली आणि वर बघून तिनं विचारलं, हे काय टांगलं. खोटं बोलायला त्याला जमलं असतं, धंद्यात तो पुष्कळदा बोलला होता. पण तिच्या तोंडाकडे बघून त्यानं सगळं सांगून टाकलं.

ती रागावली नाही. म्हणाली, "असं कर. इंदी म्हनीन, मी सांगीन. सांगनं काही सोडलं नही म्या."

इंदी म्हणजे तिच्या दिराची मुलगी, गळा गोड पण शब्द कच्चे. ती झोक्यावर उभी राहिली, बाकीच्या पोरी फेर धरून. भिकुबाई खोडाला टेकली, आणि एकेक ओळ आधी नुसती बोलून दाखवू लागली, बाजारात भाव सांगावा तशी सपाट.

"झोका गेला वर, दिसे माहेराची वाट. हं."

पोरींनी ओळ म्हटली.

"वाटेवर धुरळा, कोनाच्या बैलाचा. हं."

पोरींनी तीही म्हटली. शेवटची ओळ होती, धुरळ्यात दिसे माह्या भावाचा पटका. तोताराम झोक्याजवळच उभा होता. अक्कानं तोंड उघडलेलं त्याला दिसलं, आणि मग तिनं मान वळवून पदर नीट केला. ती ओळ इंदीला येत होती, तिची ती म्हणून मोकळी झाली.

निघताना भिकुबाई मोटारीपर्यंत आली. तोताराम म्हणाला, पुढच्या आखाजीला न्यायला येतो.

"कोठी नेशीन?"

"मुंबईले."

"मंग झोका काय समुद्रावर बांधशीन?" म्हणून ती हसली, आणि सांजोऱ्यांचं फडकं त्याच्या मांडीवर ठेवलं. मागे ओसरीच्या दोरीवर तिनं मघाचं हिरवं लुगडं वाळत घातलेलं होतं. तिच्या अंगावर आता रोजचं होतं.

फिल्म मुंबईत धुऊन आल्याशिवाय काय आलं ते कळत नसे. आली तेव्हा शेठ रतिलालनी डोळे मिटून ती ऐकली आणि खूश झाले.

"तोतारामभाई, पोरी सोनं आहेत. पण ही म्हातारी डोशी मधी मधी काय बोलते? ती काढून टाका."

ही माझी बहीण, असं सांगायला तोतारामनं तोंड उघडलं. पण सांगून काय होणार होतं? शेठ म्हणाले असते, मग जपून काढा.

तो खोलीत जाऊन बसला. हातात पांढरे मोजे घातले. फिल्मच्या कडेला आवाजाची नागमोडी रेघ असते. सरावलेल्या डोळ्याला पोरींचं गाणं कुठं संपतं आणि अक्काचं बोलणं कुठं सुरू होतं, ते कान न लावताही दिसतं. गाण्याच्या लाटा मोठ्या, आणि तिच्या ओळी बारीक, एकसारख्या. त्यानं कात्री लावली. जिथं जिथं ती निघाली, तिथं तिथं झोक्याच्या दोराची करकर बसवली. शेवटच्या ओळीआधी शब्दच नव्हते, नुसता श्वास होता. श्वासानं ओळ खराब होते हे त्यालाच नवख्या पोरांना शिकवायची सवय. त्यानं तोही काढला. इतका सफाईनं केलेला सांधा त्याच्या हातून पूर्वी कधी झाला नव्हता.

भादव्यात पटकीची साथ आली. अक्का गेल्याचं कार्ड हाती पडलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. तो गावी पोचला तेव्हा दाजींनी ओसरीवर त्याला जागा करून दिली. कुंदाबाईनं तेवढं सांगितलं, की सवाष्ण गेली म्हणून अंगावर माहेरचं लुगडं पाहिजे होतं. वाट पाहिली, मग गावातल्या दुकानातून घेतलं आणि टाकलं.

"तुमच्या नावानं टाकलं, भाऊ. उघडी नही गेली ती."

दिवाळीत चित्र लागलं. झोक्याचं गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. जळगावात थेटराबाहेर पोरं ते म्हणत फिरायची, धुळ्यात लग्नाच्या बँडवर वाजायचं. गाण्यात झोका खरा वाटतो, दोराची करकर ऐकून पोटात खड्डा पडतो, असं जाणकारांनी लिहिलं. शेठनी पुढच्या चित्राचं सगळं संगीत तोतारामच्या हाती दिलं, आणि पाट्यांवर त्याचं नाव आधीपेक्षा मोठं झालं. माणसाचा उत्कर्ष कशावर उभा असतो ते त्याचं त्याला ठाऊक, नाहीतर देवाला.

चित्र सुरळीत लागलं की कापलेले तुकडे टोपलीत जायचे. हे तुकडे त्यानं जाऊ दिले नव्हते. एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, त्यानं ते एकापुढं एक जोडले आणि गिरधरला म्हणाला, एवढं लाव.

मोठ्या खोलीत भिकुबाई बोलू लागली. झोका गेला वर, दिसे माहेराची वाट. हं. वाटेवर धुरळा, कोनाच्या बैलाचा. हं. मधे गाणं नव्हतं, पोरी नव्हत्या, झोकाही नव्हता. एकही शब्द सुराकडे कललेला नव्हता, इतकं तिनं सांभाळलं होतं. मग आवाज थांबला.

गिरधरनं यंत्रावर हात ठेवला. "दादा, शेवटचा तुकडा कोराच दिसतो. काढून टाकू?"

"कोरा नही तो," तोताराम म्हणाला. "मागं घे. आवाज वाढव."

गिरधरनं फिल्म मागे घेतली, कळ होती तेवढी वर नेली. रिकाम्या खोलीत भिकुबाईनं एकदा श्वास घेतला, बोलायला घेतात तसा, आणि फिल्म संपली. रिकामं रीळ फटफट करत फिरत राहिलं. ते बंद करायला दोघांतल्या कुणाचा हात पुढं झाला नाही.