कोबीवरचे पिवळे दाणे

कोबीच्या एका पानापुढे पन्नासेक माणसं हात जोडून उभी होती. पानावर एक मेलेली अळी आणि तिला चिकटलेले, तांदळाच्या कणीएवढे पिवळे दाणे. पुढचे मागच्यांना वर्णन करून सांगत होते, मागचे न बघताच डोळे पुसत होते. माझा सख्खा भाऊ तर चिखलात गुडघे टेकून बसला होता, तेही नवी पँट घालून.

"पाहा!" दाणेबाबा गरजले. "मी शेतावर मंत्र फुंकला, आणि अळीचं पाप तिच्याच अंगातून फुटून दाण्यांच्या रूपाने बाहेर आलं!"

पापाला रंग असतो आणि तो पिवळा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. माझं शिक्षण अपुरंच राहिलं म्हणायचं.

गोष्ट इथेच थांबती तर मी हसून घरात चहा प्यायला गेले असते. पण बाबांचा हुकूम होता की दाणे पानांवर ठेवायचे नाहीत, पाप पुन्हा मातीत उतरतं. ते वेचून बाबांना द्यायचे. मग बाबांचा चेला ते तव्यावर भाजायचा, इवल्याशा बाटल्यांत भरायचा आणि ज्याच्या शेतातले दाणे त्यालाच विकायचा. दादाने शेताच्या पहिल्या तुकड्यातले दाणे असेच वेचून दिले. त्या तुकड्यात अळ्या दुपटीने परतल्या आणि पानांची चाळण करून टाकली.

"श्रद्धा कमी पडली," बाबांनी निदान केलं. या दुकानात माल नासका निघाला की दोष गिऱ्हाइकाचा!

आज बाबा पुन्हा आले होते, तशीच गर्दी जमली होती. दादा टोपली घेऊन दुसऱ्या तुकड्यात उतरला होता, आणि निम्मं वेचून झालंही होतं. वहिनीचा सगळा घरखर्च आता त्या तुकड्यावर होता.

"वन्सं, हाही कोबी गेला तर मी घर कशावर चालवू?" तिचा आवाज रडवेला झाला होता. "यांना सांगून सांगून थकले मी."

"मी बाजूला ठेवायला सांगितलेले दाणे कुठेत?"

"बरणीत. तोंडाला फडकं बांधलंय. भाजू दिले नाहीत."

"आण."

बरणी घेऊन मी बाबांसमोर उभी राहिले. "बाबा, दाणे भाजता कशाला हो?"

"अग्नीशिवाय मंत्र पक्का होत नाही, ताई."

"आणि न भाजता ठेवले तर?"

बाबांची नजर बरणीवर गेली आणि चेहरा उतरला. "पाप मोकळं होतं! झाकून ठेवा ती!"

मी फडकं सोडलं. आतून इवल्या काळ्या माश्या भुरभुर उडाल्या. गर्दी मागे सरली.

"पाप उडालं!" दादा ओरडला.

"गप बसा हो!" वहिनी कडाडली. "माश्या आहेत त्या. वन्सं, सांगा यांना."

"ही गांधीलमाशीची धाकटी भावकी," मी म्हटलं. "माणसाच्या वाटेला जात नाही. अळीच्या अंगात अंडी घालते. पिल्लं अळीला आतून खातात, बाहेर पडतात आणि हे कोष विणतात. दरवर्षी तुमच्या फवाऱ्याने अळ्यांबरोबर याही मरायच्या, आणि अळ्या तेवढ्या लवकर परतायच्या. यंदा मंत्र बाटेल म्हणून बाबांनी फवारणी बंद करवली. अळ्या वाढल्या, त्यांच्यावर या माश्या वाढल्या, मग अळ्या घटल्या. बाबांच्या हातून एकच चांगलं काम झालं, तेही चुकून. पुढे तुम्ही हे राखणदारच वेचून तव्यावर भाजायला दिलेत. चोर परतणार नाहीत तर काय?"

"खोटं!" बाबा किंचाळले.

"मग ओढ्यापलीकडे आमच्या आत्याच्या शेतात बघा. ती कधी फवारत नाही, आणि बाबांना तर तिने फाटकातूनच हाकललं होतं."

दोघं-तिघं पळत गेले. थोड्याच वेळात पलीकडून हाक आली, "अरे, इथेही आहेत! पानापानावर!"

"माझ्या फुंकरीचा वारा गेला असेल तिकडे," बाबा म्हणाले. गर्दीत पहिल्यांदा कुणीतरी फिसकन हसलं.

"वारा राहू दे," मी म्हटलं. "न भाजलेला माल बाटलीत उडतो, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून तवा."

बाबा चेल्याला ओढत निघाले, आणि तवा इथेच राहिला. मला कीव आली नाही.

दादा टोपलीकडे बघत उभा होता.

"बघता काय?" वहिनी म्हणाली. "ठेवा परत."

तो खाली वाकला आणि एकेका पानाखाली कोष ठेवू लागला. वहिनी मागून नीट बघत चालली होती. जे हात जोडून उभे होते तेही हळूहळू वाफ्यांत उतरले.

तुमच्याकडेही असा एखादा दाणेबाबा येईल, कारण त्यांचं पीक कुठल्याच फवाऱ्याने मरत नाही. तेव्हा हात जोडण्याआधी एवढंच करा: पान उलटून बघा, त्याने जिथे पाऊल टाकलेलं नाही ते शेतही बघा, आणि तो तवा कशाला तापवतो ते विचारा.