मानसिंगच्या टेम्पोतली जादूची सीडी

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. खरं तर मी डीव्हीडी; पण भोर तालुक्यात मला त्या नावानं कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. गोल, चपटी, मध्ये भोक असलेली आणि चकाकणारी वस्तू म्हणजे सीडी, असा इथला साधा हिशेब आहे. मीही आता वाद घालत नाही. सध्या माझा मुक्काम एका टेम्पोच्या केबिनमध्ये, पुढच्या काचेच्या आत आहे. लाल दोऱ्यानं मला टांगलं आहे आणि शेजारी लिंबू-मिरची आहे. लिंबू-मिरची दर शनिवारी नवी येते. मी मात्र तीच.

टेम्पोत बसणाऱ्यांना वाटतं, माझ्यात लावण्या नाहीतर भजनं असतील. तसं काही नाही. माझ्यात जादूचे धडे आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पातळ प्लॅस्टिक, त्यावर चांदीसारखा मुलामा आणि त्यात जादूगार सावळाराम मास्तरांनी शिकवलेले खेळ. दोरी कापून पुन्हा जोडायची, रुमालाचा रंग बदलायचा, पत्ता ओळखायचा आणि रुपया गायब करायचा. माझ्या वेष्टनावर मात्र मास्तरांच्या टोपीतून कबुतर उडताना दाखवलं होतं. माझ्यात कबुतराचा धडाच नाही! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं कुणी म्हटलं तर मी काय उत्तर देणार? पण रुपयाचा धडा अस्सल होता. त्याबद्दल मी कुणापुढेही मान खाली घालणार नाही.

पोस्टमननं मला वरवे बुद्रुकला मानसिंगच्या घरी आणलं. मानसिंग तेव्हा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. दिवसभर पोती वाहून आला की हातपाय धुवायचा आणि मला प्लेअरमध्ये घालायचा. प्लेअरला वरून एक थापटी मारल्याशिवाय तो चालत नसे. रिमोटचे सेल संपले की मानसिंग ते काढून तळहातावर चोळायचा आणि उलटसुलट करून पुन्हा बसवायचा. मला पुसायचा तो बनियनच्या मऊ कापडानं, मधून कडेकडे. त्याची बायको मात्र मला ताटासारखी गोल गोल पुसायची. माझ्या अंगावरचे निम्मे ओरखडे त्या माऊलीच्या स्वच्छतेचे आहेत.

एकच धडा तो पुन्हा पुन्हा लावायचा. रुपया एका हातातून दुसऱ्या हातात टाकल्यासारखं करायचं, पण खरं तर तो पहिल्याच हातात बोटांमागे लपवायचा. दुसरी मूठ फुंकर मारून उघडायची, ती रिकामी. मग लपवलेला रुपया समोरच्याच्या कानामागून काढायचा आणि त्याच्या हातावर ठेवायचा. ऐकायला सोपं आहे. बोटांना मात्र ते पटायला फार वेळ लागतो. मानसिंगच्या बोटांना पटलं. मी पडद्यावरून रोज त्याच्याकडे पाहत होते, म्हणून सांगते, रुपयाच्या खेळात तो मास्तरांच्याही पुढे गेला होता.

हे सगळं त्याला दाखवायचं होतं ते आपल्या आत्याला, बाळाबाईला. मानसिंगची आई लवकर गेली, तेव्हा बाळाबाईनं त्याला भोंगवलीला आपल्या घरी नेऊन वाढवलं. बाई कामाची, कडक आणि रीतीची पक्की. भोंगवलीच्या शाळेत सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम होता, त्यात मानसिंगनं आपला खेळ ठेवून घेतला. मला त्यानं सोबत नेलं होतं, सदऱ्याच्या खिशात. शकुन म्हणून असेल.

दोरी जमली, रुमाल जमला. मग त्यानं पहिल्या ओळीत बसलेल्या आत्याकडेच रुपया मागितला. तिनं चंचीतून काढून दिला. रुपया गेला, मूठ रिकामी निघाली, पोरं ओरडली. मानसिंगनं आत्याच्या कानामागून रुपया काढला आणि हसत तिच्यापुढे धरला. बाळाबाईनं हात मागे घेतला.

"डाव्या हातानं देतोस व्हय रं मला?"

मानसिंगनं आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. घाईघाईनं रुपया उजव्या हातात घ्यायला गेला आणि तो निसटला. घरंगळत सरपंचांच्या खुर्चीखाली गेला. मग सगळे हसले. पोरं हसली, गुरुजी हसले, सरपंच तर वाकून रुपया शोधता शोधता हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता डावा हात आला कुठून? तुमच्या ध्यानात आलंच असेल. मास्तर पडद्यावर आपल्याकडे तोंड करून उभे असतात. ते 'हा हात, तो हात' एवढंच म्हणतात. उजवा-डावा म्हणत नाहीत. मानसिंग समोर बसून आरशात पाहावं तसा त्यांच्यासारखं करायचा. मास्तरांचा उजवा तो ह्याचा डावा. मला हे सगळं दिसत होतं, पण मला तोंड कुठे आहे? मला आहे ते भोक.

त्या दिवसापासून मानसिंगनं चारचौघांत रुपया काढला नाही. आत्याकडे जाणं-येणं चालूच राहिलं, दिवाळीला लुगडं गेलं, आजारपणाला औषध गेलं. पण तो खेळ आत्यानं पुरता पाहिलाच नाही, हे त्याच्या मनात कुसळासारखं राहिलं. त्याला वाटायचं, जादूची रीतच डावी असेल, शहरातली असेल, आपल्या माणसांत ती चालायची नाही. मी कपाटात गेले. पुढे प्लेअर भंगारवाल्यानं नेला. नवीन प्लेअर दुकानात मिळेना, आणि घरातल्या नव्या टीव्हीला मला घालायला तोंडच नव्हतं. मग मानसिंगच्या बायकोनं मला अंगणात वाळत घातलेल्या शेवयांवर टांगलं. चिमण्या मला पाहून उडून जायच्या. मला वाईट वाटलं. पण बेकार बसण्यापेक्षा ते बरं होतं.

मानसिंगनं स्वतःचा टेम्पो घेतला, तेव्हा एके दिवशी अंगणात येऊन त्यानं मला सोडवलं आणि केबिनमध्ये बांधलं. बायको म्हणाली, "आता चिमण्या कोन हाकलंल?" तो म्हणाला, "गाडीला दिष्ट लागाया नगं." तेवढंच. मला मात्र कळलं, खेळ त्याच्या मनातून गेला नव्हता.

मानसिंगची मुलगी प्रेरणा आता भोरच्या कॉलेजात आहे. सुट्टी असली की ती टेम्पोत येते. टेम्पो कापूरहोळहून पेंडीची पोती घेतो आणि वेल्ह्याच्या बाजूला वाड्यावाड्यांवर उतरवतो. कापूरहोळला मोबाईलला रेंज भरपूर असते; वेल्ह्याचे डोंगर लागले की ती जाते. म्हणून प्रेरणा चहा होईपर्यंत कापूरहोळलाच काय हवं ते डाउनलोड करून घेते आणि पोती उतरेपर्यंत तिकडे ते पाहत बसते. एकदा तिनं फोन बापापुढे धरला.

"पप्पा, ह्ये बघा. तुमचे सावळाराम मास्तर. आता सीडी न्हाई काढत, धडे ऑनलाइन विकतात. म्या रुपयाच्या खेळाचा घेतला."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. हायवेवर चहाचा पेला रिकामा व्हायच्या आत धडा हजर! ना पोस्टमन, ना वेष्टन, ना ओरखडा. हवं तिथे थांबवा, सावकाश फिरवा, पुन्हा पाहा. भंगारवाला त्याला नेऊ शकत नाही आणि शेवयांवर त्याला कुणी टांगत नाही. माझ्या बाजूनं सांगायचं तर मी ह्या हातातून त्या हातात फिरले आहे. कापूरहोळचा गॅरेजवाला धनाजी मला मागून घेऊन गेला होता आणि मी त्याच्या अंगठ्याचं ऑइल लावून परत आले. प्रेरणाचा धडा मात्र तिच्या खात्यातच राहतो, मैत्रिणीला द्यावा तर देता येत नाही. शिवाय मी एकटी होते, म्हणून मानसिंगनं मला पाठ होईपर्यंत पाहिलं. प्रेरणाच्या फोनमध्ये दोऱ्यांचे, पत्त्यांचे, वाट्यांचे ढीगभर धडे पडले आहेत. "नंतर बघू" म्हणून उतरवून घेतलेले. ते उघडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

पण रुपयाचा धडा तिनं उघडला. वेल्ह्याच्या वाटेवर एका वाडीत पोती उतरत होती आणि दोघं केबिनमध्ये बसून पाहत होती. मास्तर म्हातारे झाले होते. ह्या वेळी कॅमेरा त्यांच्या खांद्यामागे होता, म्हणजे हात आपल्याच हातांसारखे दिसत होते. आणि मास्तर स्पष्ट म्हणाले, "आता उजव्या हातात नाणं राहतं."

मानसिंग पुढे सरकला. "मागं घे."

प्रेरणानं मागे घेतलं. मास्तर पुन्हा म्हणाले, उजव्या हातात.

"अगं, ह्यो तर उजव्यानं करतोय!" मानसिंग म्हणाला. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता दोरा तोडून फेकतो मला. पण तो हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले आणि तो काचेतून बाहेर पाहत म्हणाला, "म्या उलटा शिकलो, प्रेरणा. समदा उलटा."

तिथून पुढे तो उजव्या हाताला शिकवायला लागला. पोती उतरत असली की ह्याच्या बोटांत रुपया. प्रेरणा फोन धरायची, तो करायचा. बोटं ऐकत नव्हती. डावा हात आपला आधीच पुढे व्हायचा. "पप्पा, उजवा," असं म्हणून म्हणून ती पोर थकली. पण मानसिंग चिकट. पावसाळाभर त्यानं धडा सोडला नाही, आणि रुपया हळूहळू उजव्या हातात राहायला लागला.

"आत्याला दिवाळीत दाखवीन," तो म्हणायचा. दिवाळीत म्हणाला, "आजून सफाई न्हाई." संक्रांतीलाही तेच म्हणाला.

मग निरोप आला. बाळाबाईला एकटीला आता भोंगवलीत राहणं होत नव्हतं. तिचा मुलगा बंडू तिला चाकणला आपल्या घरी कायमचं नेणार होता. सामान न्यायला टेम्पो मानसिंगचाच.

सकाळी आम्ही भोंगवलीला पोचलो. ट्रंक, पाटा-वरवंटा, हंडे, एक खाट. बंडू आणि प्रेरणानं मागे सामान चढवलं. बाळाबाईला हाताला धरून केबिनमध्ये बसवलं. ती माझ्या अगदी समोर होती, पाय जवळ घेऊन, मांडीवर चंची घेऊन बसलेली. घराकडे पाहत नव्हती. मानसिंगनं गाडी चालू केली, आणि खाली उतरून तिच्या बाजूच्या दारापाशी आला.

"आत्या, एक रुपया द्या."

"भाडं मागतोस व्हय?" ती म्हणाली, आणि चंचीतून रुपया काढून दिला.

त्यानं खेळ केला. मूठ रिकामी निघाली. त्यानं उजव्या हातानं तिच्या कानामागून रुपया काढला, उजव्या हातानं तिच्या तळहातावर ठेवला आणि वाट पाहत उभा राहिला. मागून प्रेरणाही वाकून पाहत होती. सगळं रीतसर झालं होतं.

बाळाबाईनं रुपयाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तसा न्हाई झाला."

"उजव्या हातानं दिलाय, आत्या."

"ते दिसलं मला. पन रुपया तुझ्या बोटांमागं हुता, त्यो बी दिसला. शाळंत केलास तवा न्हाई दिसला. कुठं गेला, ते मला आजूनपातुर कळलं न्हाई." तिनं रुपया परत त्याच्यापुढे धरला. "डाव्यानं कर."

मानसिंगनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"शाळंत समदी मान्सं बसली हुती, म्हनून म्या बोलले," ती म्हणाली. "मागनं लई वाटलं. घ्यायला पायजे हुता म्या. कर आता."

मानसिंगनं रुपया घेतला. डाव्या हातानं खेळ असा काही केला, की मित्रांनो, ज्या खेळाचं गुपित माझ्याच पोटात आहे, त्यातला रुपया कुठे गेला हे मलाही दिसलं नाही. मग तो तिच्या कानामागून निघाला. हात तिच्यापुढे आला आणि सवयीनं मध्येच थबकला. बाळाबाईनं दोन्ही हात पुढे करून त्याच्या डाव्या हातातला रुपया घेतला. चंचीत टाकला नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

"लई झ्याक करतोस रं," ती म्हणाली. "आलास तवा दर येळंला का न्हाई दाखवलास?"

मानसिंगनं दार लावलं आणि फेरी घालून आपल्या जागेवर येऊन बसला.

मित्रांनो, तुम्ही माझ्यातून शिका की मोबाईलमधून, आता माझा कुणावर राग नाही. दोन्हींकडे मास्तर तेच आहेत. माझी विनंती एवढीच आहे की, जे शिकाल ते ज्याच्यासाठी शिकलात त्याला वेळेत दाखवा. सफाई नसली तरी दाखवा, उलटं झालं तरी दाखवा. बाळाबाईनं मानसिंगचा खेळ शेवटी पाहिला, पण पाहिला तेव्हा गाडीचं इंजिन चालू होतं आणि तिच्या घराला कुलूप लावून झालं होतं.