शनिवारचा जोड

गुणाजीच्या उजव्या पायाला अंगठा नव्हता. अंगठ्याशेजारचं बोटही नव्हतं. चार वर्षांपूर्वी गिरणीत सुताने भरलेला बीमचा जड रूळ घसरून त्याच्या पायावर आला होता. तेव्हापासून अंगठ्याची वहाण त्याच्या पायात टिकत नसे. चार पावलांत वहाण पुढे जाई आणि पाय मागे राही. अनवाणी चालावं तर थोटकांवरची नाजूक कातडी फाटे. बंद आणि मऊ जोडा असला की मात्र तो पाच-सहा मैल सहज चाले. असा एक जोड त्याच्याकडे होता. शुक्रवारी संध्याकाळी तो हरवला. आणि शनिवारी अकराच्या आत दुसरा मिळाला नाही, तर त्याची बायको लक्ष्मी हातची जाणार होती.

जोड्यावाचून कुणाचा जीव जातो, हे ऐकणाऱ्याला खरं वाटणार नाही. पण तो आठवडाच तसा होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं सोमवारी रेडिओवर सांगितलं गेलं आणि लालबाग-परळ पेटलं. गोळीबार झाले, संचारबंदी लागली. गिरण्यांचे भोंगे बंद पडले, तशी सकाळ कधी झाली तेही कळेनासं झालं. गुरुवारी कुणाच्या तरी हातून गुणाजीला सासऱ्याची तार मिळाली. लक्ष्मी बाळंतपणाला माहेरी, कोकणात खैराटवाडीला गेली होती. तारेत एवढंच होतं: ‘मुलगी झाली. लक्ष्मीला बाळंतज्वर. पेनिसिलिन घेऊन ताबडतोब ये.’ म्हणजे तालुक्याचा डॉक्टर इंजेक्शन द्यायला तयार होता, पण त्याच्यापाशी औषध नव्हतं.

चाळीत समोरच्या खोलीतली बकुळा परळच्या इस्पितळात नर्स होती. “शनिवारी सकाळपर्यंत औषध मिळवते,” ती म्हणाली. “पण न्यायचं कसं ते तुम्ही बघा.” एस. टी. बंद होती, आगगाडीचा भरवसा नव्हता आणि कोकणची बोट धक्क्यालाच उभी होती. गुणाजीला एकच वाट दिसली. ठाकूरद्वारच्या हेमचंद्ररावांची फटफटी.

हेमचंद्रराव बँकेत नोकरीला होते. सुट्टी मिळाली की फटफटीवरून महाबळेश्वर, नाशिक, गोकर्ण असे एकटेच भटकत. त्यांची ती लष्करातून लिलावात घेतलेली गाडी गुणाजी रविवारी दुरुस्त करून देई. शुक्रवारी संचारबंदी तीन तास उठली, तसा तो लंगडत ठाकूरद्वारला पोचला. हेमचंद्ररावांनी तार वाचली, किल्ली काढून दिली, पेट्रोलचा भरलेला डबा दिला आणि मग कपाटातून गुडघ्यापर्यंत येणारे, दोन मापं मोठे, जाड चामड्याचे लष्करी बूट काढले.

“हे घालायचे. ती गाडी किक उलटी मारते. तुझ्या त्या मऊ जोड्यात किक मारलीस तर उरलेली बोटंही जातील.”

“ह्यांनी चालता नाही यायचं, हेमचंद्रराव. फोंडा घाट उतरल्यावर खैराटवाडीला रस्ता नाही. अडीच कोस कातळ आणि ओढे.”

“चालायला सांगतोय कोण? गाडीवर बसायचा जोडा वेगळा, उतरून चालायचा वेगळा. मी गोकर्णाला एकच घेऊन गेलो होतो. आठ दिवस अंथरुणात काढले.” त्यांनी खाकी पिशवी पुढे केली. “चालायचा जोडा ह्यात मावला पाहिजे. चपटा, हलका, आणि ओढ्यात भिजला तर तासाभरात वाळणारा. तुझ्या पायातला दाखव.”

गुणाजीने दाखवला. कॅनव्हासचाच होता, पण त्याला त्याने मोटारीच्या टायरचा तळ मारून घेतला होता. तो वाकेना. पिशवीत औषधाचा डबा ठेवायचा म्हटला की त्याला जागाच उरेना. हेमचंद्ररावांनी आपले कॅनव्हासचे बूट आणून दिले. ते गुणाजीच्या रुंद पायात टाचेपर्यंतही गेले नाहीत.

“माझे मी बाहेर बांधतो की, कॅरियरला,” गुणाजी म्हणाला.

“पिशवीबाहेर राहिलं ते गावाला पोचत नाही, गुणाजी. दुसरा बघ.”

गुणाजीने हो म्हटलं, जाड बूट चढवले आणि नाड्यांनी आपला जोडा कॅरियरलाच बांधला. भायखळ्याच्या पुढे रस्त्यात टायर जळत होते. त्याने गाडी गल्ल्यांतून घातली, दोनदा पदपथावर चढवली, दगड चुकवले. चाळीत आला तेव्हा कॅरियरला नाडीचा एक तुकडा लोंबत होता. शोधायला मागे फिरावं तर संचारबंदी लागली होती. रात्रभर तो तोच तुकडा बोटाला गुंडाळत आणि सोडवत बसला.

शनिवारी आठला संचारबंदी उठली. बकुळाने बारा बाटल्या आणून दिल्या, कापसात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात बसवल्या. “अकराला पुन्हा लागणार आहे,” ती म्हणाली. “त्याआधी शीव ओलांडा. उद्या उठेल की नाही कुणी सांगावं. आणि गुणाजीभाऊ, ह्या तापात दिवस मोजत नाहीत. तास मोजतात.”

पायाला फडकं बांधून गुणाजी बाहेर पडला. नाक्यावरच्या पादत्राणांच्या दुकानाची फळी त्याने हाताने, मग मुठीने, मग दगडाने ठोकली. वरच्या खिडकीतून मालकाने डोकं काढलं.

“अरे काय फोडतोस? हरताळ आहे, दिसत नाही? काचा आधीच फुटल्यात माझ्या!”

“एक कॅनव्हासचा जोड द्या, शेठ. वरून टाका. बायको मरतेय माझी.”

“बायको मरतेय आणि हा बूट मागतोय!” मालक आत कुणाला तरी म्हणाला आणि खिडकी लागली.

गल्लीच्या तोंडाशी कुशाबा चांभार राहत असे. गुणाजीचा टायरचा तळ त्यानेच मारला होता. तो खोलीत एरंडीच्या तेलाने आरी पुसत बसला होता. त्याने गुणाजीचं सगळं ऐकून घेतलं, फडकं सोडून त्याचा पाय मांडीवर घेतला आणि वीतभर काडीने मोजला.

“बसतोस तर शिवून देतो. मऊ मेंढीच्या कातड्याचा. कागदासारखी घडी होईल.”

“किती वेळ?”

“दुपारचे तीन.”

“अकरा, कुशाबा. अकरा!”

“मग तयार आहेत त्या ह्या.” त्याने दोन शेराच्या, खिळे मारलेल्या वहाणा दाखवल्या. दोघांनीही त्यांच्याकडे फार वेळ पाहिलं नाही. मग कुशाबा हसला. हसण्यात गंमत नव्हती. “आज शनवार. साऱ्या मुंबईत पायताणाचं एकच दुकान उघडं असंल. मारुतीच्या देवळापुढं.”

गुणाजीला कळलं. ज्याला साडेसाती लागली असेल तो शनिवारी मारुतीला तेल वाहतो आणि पायातलं पायताण तिथेच सोडून अनवाणी घरी जातो. पीडा पायताणाबरोबर सुटते. ते पायताण कुणी उचलत नाही; जो उचलेल, त्याच्या मागे ती लागते. लहानपणी गुणाजीने अशा एका चपलेला नुसती लाथ मारली, तर जाईबाईने, त्याच्या आईने, त्याला भर चौकात आंघोळ घातली होती.

“तू उचलशील?” त्याने विचारलं.

“आम्ही जन्मभर लोकांची पायताणं मांडीवर घेतो,” कुशाबा म्हणाला. “आमच्या मांडीवरनं शनी कधी उठलाच नाही. मग नवा बसला काय, जुना बसला काय. तुझं तू बघ.”

देवळापुढे त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठा ढीग होता. आठवडाच तसा गेला होता. गुणाजी गुडघ्यांवर बसला. अंगठ्याच्या वहाणा त्याने बाजूला सारल्या, बायकांच्या चपला सारल्या. खाली दोन बंद जोड निघाले. एक पांढरा, जवळजवळ नवा, पण त्याचा तळ फळीसारखा होता. वाकवला तर परत ताठ होई. दुसरा तपकिरी कॅनव्हासचा, कुणीतरी वर्षानुवर्षं वापरून मऊ केलेला. त्याने बुटाची टाच चवड्याला टेकवली, ती टेकली. सोडल्यावर बूट चपटा पडून राहिला. तळ बोटाने दाबून पाहिला. पातळ होता, पण भोक नव्हतं. उजव्या बुटाच्या टोकात हात घालून चाचपलं. आत शिवण टोचत नव्हती. पाय घालून बघायचं धैर्य मात्र होईना.

आणि त्याच्या मनात भलतेच विचार आले. पांढऱ्या जोड्याचा मालक सुखवस्तू असणार. त्याची पीडा ती काय, धंद्यात खोट किंवा बढती अडलेली. हा तपकिरी जोडा झिजेपर्यंत वापरणाऱ्याच्या घरात काय चाललं असेल? आजारपण? या आठवड्यात गेलेला कुणी पोरगा? मऊ जोडा हवा तर ही पीडा घ्यायची. हलकी पीडा हवी तर कडक जोडा. त्याने एकदा हा उचलला, एकदा तो. देवळातलं घड्याळ दहा वाजून गेल्याचं दाखवत होतं.

“बाबा रे,” तेलाची वाटी घेऊन पायरीवर उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, “ती कुणाची तरी पीडा आहे हो.”

“ठाऊक आहे, आजी.”

“घरात कुणी दुखणाईत नाही ना?”

गुणाजी उठला. तपकिरी जोड सदऱ्याखाली धरून तो चोरासारखा गल्लीत शिरला.

जाईबाई दारातच बसली होती. जन्म मालवणाकडचा, चाळीस वर्षं लालबागेत गेली तरी बोली सुटली नव्हती. तिने आधी मुलाचं तोंड बघितलं, मग सदऱ्याचा फुगवटा.

“झिला, ह्या काय हाडलंस?”

त्याने सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, पण तिच्यापुढे त्याला ते कधी जमलं नव्हतं. जाईबाई भिंतीला टेकली.

“शनवारी? देवळापुढचा? थंय सून तापान फणफणता, आणि तू कोणाची साडेसाती घेऊन तिच्याकडे जातलंस?”

“मग कसा जाऊ? अनवाणी? कातळावर मैलभर गेलो की पाय फुटेल, आये. ओढ्यात बसून राहीन मी डबा घेऊन. हातपाय तुटलेल्यासारखा बसून राहीन!” तो ओरडला, आणि मग तिच्यासमोर खाली बसला. “सांग तू. तू सांगशील तसं करतो. मला आता काही सुचत नाही.”

जाईबाई भिंतीपासून सरळ झाली. मग तिने हात पुढे केला. “आण हकडे.”

“टाकू नकोस, आये.”

“टाकतंय कशाक? आण.”

तिने जोड जमिनीवर ठेवला. लुगडं घोट्यावर उचललं, आणि जन्मात कधी बंद जोडा न घातलेले आपले भेगाळलेले पाय एकेक करून आत सारले. जोडा तिला कितीतरी मोठा होता. भिंतीचा आधार घेत ती खोलीत चालायला लागली. चुलीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून मोरीपर्यंत. तळ जमिनीवर फटाफट आपटत होते.

“आये, काय करतेस हे?”

“गप रव. पयलो जो घालीत, तेच्या मागसून शनी जाता.” ती पावलं मोजत होती. “शनीक म्हणतंय, हयसर ये. माका सवय आसा तुजी. ह्येच्या बापाक नेलंस, दोन पोरांक नेलंस, ह्येचा पाय खाल्लंस. आता माज्याच घरात रव. पोरीक सोड.”

साडेसात वर्षांची साडेसाती. ती साडेसात फेऱ्या चालली. शेवटची अर्धी फेरी खोलीच्या मधोमध संपली. तिथेच उभी राहून तिने जोडा पायातून काढला, पदराने आतून पुसला आणि त्याच्या हातात दिला. 

“आता तो नुसतो जोडो आसा. जा.”

गुणाजीला तिच्या पायावर डोकं ठेवायचं होतं. तिने ठेवू दिलं नाही. त्या पायांना आता शिवू नकोस म्हणाली. पिशवीत तळाला तपकिरी जोड चपटा बसला, त्यावर औषधाचा डबा बसला, आणि बंदही लागला. हेमचंद्ररावांच्या बुटात चिंध्या कोंबून त्याने किक मारली. तिसऱ्यांदा किक उलटी फिरली आणि बुटाच्या जाड चामड्यावर आदळली. चौथ्यांदा गाडी सुरू झाली. अकराला दहा मिनिटं असताना त्याने शीव ओलांडलं.

रविवारी दुपारी फोंडा घाट उतरून त्याने गाडी एका वखारीत लावली, बूट काढले आणि तपकिरी जोड घातला. तो त्याला बेताचा बसला. तीन ओढे त्याने पायातल्या जोड्यासकट पार केले. कातळावर तळातून खडा न् खडा कळत होता, पण पाय फुटला नाही. सूर्य मावळायच्या आत डबा तालुक्याहून आलेल्या डॉक्टरच्या हातात पडला. दर तीन तासांनी सुई टोचली जात होती. सोमवारी लक्ष्मीने त्याला ओळखलं. बुधवारी ताप उतरला, आणि तिने मुलीला जवळ मागितलं.

त्याच दिवशी त्याने आईला कार्ड लिहिलं. ‘लक्ष्मीचा ताप उतरला. मुलगी तुझ्यासारखी दिसते.’ एवढं लिहून तो थांबला. पुढची ओळ लिहायला त्याला फार वेळ लागला. ‘तू कशी आहेस ते लगेच कळव. बकुळाकडून दोन अक्षरं लिहून घे.’

खैराटवाडीत टपाल आठवड्यातून दोनदा येई. मुंबईत अजून बंदोबस्त आहे, टपाल रखडतंय, असं सगळे त्याला सांगत. ते खरंही असेल. लक्ष्मी उठून बसायला लागली, पेज मागायला लागली. घरात हसणं ऐकू यायला लागलं. गुणाजी मात्र टपालाच्या दिवशी सकाळपासून ओढ्यापाशी जाऊन बसे. पलीकडच्या उतारावर टपालवाल्याची छत्री दिसली की तो उठून उभा राही, आणि दोन पावलं मागे सरे.

पहिल्या खेपेला त्याचं काही नव्हतं. दुसऱ्या खेपेला टपालवाल्याने लांबूनच हात वर केला. हातात कार्ड होतं. तो पाण्यात उतरला, धोतर सावरत, सावकाश, एकेक दगड बघत यायला लागला.

“गुणाजी, तुमचंच आहे हो!” मधल्या दगडावरून तो ओरडला.

“कुणाकडून आहे? आयेकडून?” गुणाजीने विचारलं. पण पाण्याचा आवाज मोठा होता, आणि टपालवाल्याला ते ऐकू गेलं नाही.