माचाचा डबा

जायकवाडी धरणानं तळ गाठला त्या उन्हाळ्यात आमच्या पदमपुऱ्यातल्या घरी नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं आणि माचा मात्र रोज व्हायचा.

माचा म्हणजे जपानी हिरव्या चहाची पूड. पुण्याहून आमच्या लेकीनं, मृण्मयीनं, पाठवलेली. पुढच्या तपासणीत साखर उतरली नाही तर इन्सुलिन, असं डॉक्टरांनी ह्यांना बजावलं होतं. सुईचं नाव काढलं की ह्यांचे हातपाय गार पडतात. भीती मलाही वाटली.

डब्यावरचे फायदे हे मोठ्यानं वाचत. साखर आटोक्यात, हृदय ठणठणीत, मन शांत, एकाग्रता वाढते. 'कदाचित' हा शब्द तेवढा गाळत. एकाग्रता वाढली, ती माझ्या स्वयंपाकघरावर. फेस यावा म्हणून माझी ताकाची रवी गेली. शांत मनानं हे टँकरवाल्याशी भांडले, ते मागच्या गल्लीत ऐकू गेलं.

सुटलं ते रहीमभाईंचं हॉटेल. रोज सकाळ-संध्याकाळ हे चालत छावणीत जात आणि तिथं बिनसाखरेचा चहा पीत. आता घरातच जपान आल्यावर छावणीत कशाला?

तपासणीत साखर वाढलेली निघाली. डॉक्टर चालण्याबद्दल विचारत होते आणि हे म्हणाले, "मात्रा कमी पडली असेल." डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली.

मला आधी रडू आलं, मग राग. दुपारी हे झोपल्यावर डबा आणि रवी पिशवीत घातली, रिक्षा केली आणि हॉटेलच्या पायरीवरूनच रहीमभाईंच्या हाती दिली.

"इथंच ठेवा. घरी नेऊ देऊ नका."

त्यांनी वास घेतला. "भाभी, ये मेहंदी है क्या?"

"औषध आहे. चालत येऊन घेतलं तरच लागू पडतं."

"फिर चलकेच आना पडेगा," म्हणत त्यांनी डबा गल्ल्यामागं ठेवला.

डबा कुठं आहे ते सांगितल्यावर ह्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मग तल्लफ आली आणि चप्पल घालून छावणीकडे निघाले, पुन्हा रोज दोन वेळा.

महिन्यानं साखर उतरली. "माचाच," हे मृण्मयीला फोनवर म्हणाले, "डब्यावर लिहिलंय तसंच." मी भाजी निवडत राहिले.

तिनं दुसरा डबा धाडला, माझ्यासाठी. तो ह्यांनी काखोटीला मारला आणि दारात थांबले.

"हाही तिथंच ठेवू. चल."

लग्न होऊन इथं आले तेव्हापासून ते हॉटेल मी बाहेरूनच पाहिलं होतं. आत बसायला मला कधी कुणी म्हटलंच नव्हतं. मी पदराला हात पुसले आणि चपला शोधू लागले.