गुंडीचं इन्सुलिन

त्या संध्याकाळी दवाखान्यात नेहमीचीच गर्दी होती. कान खाजवून रक्त काढलेली कुत्री, गोचीड म्हणून चामखीळ उपटायला गेलेला एक मालक, आणि एक लॅब्राडोर, जो त्याच्या घरच्यांच्या म्हणण्यानुसार काहीच खात नव्हता. वजनकाट्यावर तो मावत नव्हता.

"काहीच म्हणजे?"

"फक्त बिस्किटं खातो, डॉक्टर. तीही आम्ही देऊ तेवढीच."

"आणि देतं कोण?"

नवऱ्याने बायकोकडे बघितलं, बायकोने सासूबाईंकडे, आणि सासूबाईंनी छताकडे.

हसायला हवं होतं, पण माझे पाय दुखत होते. त्यांना आहार समजावला. पुढच्या बाईंना बजावलं, की मांजराला माणसाची तापाची गोळी कधीच द्यायची नाही, अर्धी नाही, पावही नाही. ती मांजराच्या रक्ताचंच विष करते. ही वाक्यं इतक्यांदा बोलून झाली आहेत, की ती बोलताना मी दुसराच काहीतरी विचार करू शकते. त्या दिवशी गुंडीचा विचार करत होते. शेवटची वेळ तिच्यासाठी राखून ठेवली होती.

गुंडी ही शिंपीकाकांची तपकिरी, बुटकी कुत्री. तिला मधुमेह आहे. वर्षभर काकू तिला सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर इन्सुलिन टोचत होत्या आणि सगळं सुरळीत होतं. मग काकू न्हाणीघरात घसरल्या, उजवं मनगट मोडलं, आणि टोचण्याचं काम काकांकडे आलं. काकूंनी फोनवर विचारलं होतं, "यांना शिकवायला आणू का?" फोन घेणारा आमचा कंपाउंडर म्हणाला होता, "काकांना सुई काय शिकवायची, काकू! माशाला पोहायला शिकवण्यासारखं आहे ते." सगळे हसले होते. मीही.

तेव्हापासून साखर चढतीच होती. मुलगा तिला तपासणीला आणायचा, मी डोस वाढवायचे, साखर ढिम्म. गुंडीच्या बरगड्या दिसू लागल्या. ती घागरभर पाणी प्यायची आणि घरभर लघवी करायची. एका डोळ्यावर दुधासारखा पडदा आला. त्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला. "डॉक्टर, आता बास करू या. तिचं बघवत नाही आणि बाबांचं त्याहून नाही."

तिघंही आले. काकांनी गुंडीला टेबलावर ठेवलं, पण तिच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"मी हयगय केलेली नाही," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

"नाहीच केली," काकू म्हणाल्या. "माझ्या औषधाची आठवण कधी राहिली नाही यांना. हिच्यासाठी मात्र गजर लावून उठतात."

"अगं, तू बोलून आठवण करून देतेस. ती बिचारी बोलत नाही."

"आई, बाबा, प्लीज," मुलगा म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. "डॉक्टर, तिला दुखणार नाही ना?"

"नाही. पण त्याआधी काका, मला एकदा टोचून दाखवा."

"आत्ता? कशाला?" मुलाने विचारलं.

आशा होती म्हणून नव्हे. जे केल्यावर मागे फिरता येत नाही, ते करण्याआधी औषध प्रत्यक्ष कसं दिलं जातं ते बघायचं, असा माझा नियम आहे. खरं तर हे फार आधी बघायला हवं होतं. मी सिरिंजमध्ये इन्सुलिनऐवजी सलाइन भरलं आणि ती काकांच्या हातात दिली.

त्यांनी मानेमागची कातडी चिमटीत धरली. सुंदर, सरळ घडी. सुई आत घातली. गुंडी हललीसुद्धा नाही. इतका हलका हात मी क्वचित बघितला आहे. त्यांनी दट्ट्या दाबला, आणि घडीच्या पलीकडच्या बाजूने पाण्याचा थेंब केसांवरून घसरत टेबलावर पडला. मग दुसरा.

मी वाकून तिच्या मानेचा वास घेतला. केसांना फिनेलसारखा उग्र वास येत होता. इन्सुलिनला तसाच वास असतो.

"काकू, हा वास तुम्हाला कधी आला नाही?"

"घरभर फिनेलच आहे, बाई. हे दिवसातून दहा वेळा हिचं पुसत असतात."

"काका, सुई पलीकडून बाहेर येते आहे. औषध आत जातच नाही. केसांवर सांडतं."

काका सुईकडे बघत राहिले. "सुई पलीकडे निघायलाच हवी ना," ते हळूच म्हणाले. "नाही निघाली तर टाका कसा पडेल?"

मग मी त्यांना टॉवेलची घडी दिली. पहिल्या वेळी सुई पलीकडे. दुसऱ्या वेळी पलीकडे. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले, तरी पलीकडे.

"हात ऐकत नाही," ते म्हणाले. "जन्म गेला याच्यात."

"टाचणी लावल्यासारखं करून बघा," मी सुचवलं.

"टाचणीही बाहेर काढतोच की."

"अहो, तुरपाई करा!" काकू एकदम म्हणाल्या. "पँटच्या पायाला करता तशी. वरच्या कापडाचा एक धागा उचलायचा, उलट्या बाजूला टाका दिसला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल. आहे ना लक्षात? का तीही मीच करत होते सगळी?"

"तूच करत होतीस सगळी," काका म्हणाले, पण त्यांची बोटं बदलली. सुई आडवी झाली, घडीच्या तळाशी शिरली आणि तिथेच थांबली. टॉवेलची दुसरी बाजू कोरडी राहिली. त्यांनी पुन्हा करून बघितलं, आणि पुन्हा.

"म्हणजे आज नाही?" मुलाने विचारलं.

"आज नाही. डोळ्यावरचा पडदा इन्सुलिनने जाणार नाही. बाकीचं आठवड्याच्या तपासणीत कळेल, आणि ते चांगलंच असेल असं मी सांगू शकत नाही. आणि नीट ऐका, डोस आता पहिल्यासारखा कमी. मी वाढवलेला डोस खरोखर आत गेला तर ती कोसळेल. लडखडली, थरथरली तर हिरड्यांना मध चोळायचा आणि मला फोन करायचा. आधी जेवण, मग सुई. जेवली नाही तर न टोचता फोन."

मुलगा भिंतीला टेकला. काका मात्र तसेच उभे होते.

"खात होती, तरी उपाशी होती," ते म्हणाले. "इतके दिवस. माझ्या हाताने."

नाही म्हणता आलं असतं. पण या आजारात नेमकं तेच होतं. "हो," मी म्हणाले. "मीही आधी बघितलं नाही."

काकांच्या तोंडाचा आकार बिघडू लागला.

"सुई खाली ठेवा आणि मग रडा," काकू म्हणाल्या आणि प्लास्टरमधला हात त्यांच्या पाठीवर ठेवला. "नाहीतर स्वतःलाच टोचून घ्याल."

तिच्या संध्याकाळच्या जेवणाची वेळ झालीच होती. कंपाउंडरने वाटीत खाणं आणून ठेवलं आणि काकांच्या नजरेला नजर न देता बाहेर गेला. गुंडीने वाटी संपवली. मी खऱ्या इन्सुलिनचा जुना डोस भरला. काका वाकले. चिमटी, सुई, थांबले, दट्ट्या, मनात काही मोजलं, मग सुई बाहेर काढली.

मी घडीच्या पलीकडचे केस चाचपले. काकाही चाचपू लागले, मग काकू डाव्या हाताने. केस कोरडे होते. आम्हा तिघांच्या बोटांखाली गुंडी मान वाकडी करून रिकामी वाटी चाटत होती.