टेनरची ओळ

"मरणार नाही तुम्ही, म्हणूनच म्हणतेय! मेला असता तर एकदाच रडून मोकळी झाले असते. आता जन्मभर मुकं तोंड बघत बसायचंय मला. म्हणा की!"

सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. बघू दे. थोड्या वेळात आमच्या ह्यांना, कुमारना, आत नेणार होते आणि कॅन्सरनं खाल्लेली स्वरपेटी काढून टाकणार होते. जीव वाचणार, आवाज जाणार. मी मोबाईल ह्यांच्या तोंडापुढं धरून उभी होते. मला फक्त एक स्तोत्र पाहिजे होतं, ह्यांच्या एकट्याच्या आवाजात.

स्तोत्राचे शब्द मराठी, पण चाल इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यातल्या माणसाची, दोन-अडीचशे वर्षांमागची. तो पोटासाठी मोजे विणायचा आणि रविवारी गावच्या चर्चमध्ये गाणी बसवायचा म्हणे. आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात मागावर, त्यामुळं त्याचं नाव निघालं की ह्यांची कॉलर ताठ. "आपल्या धंद्यातला माणूस, प्रेमला!" त्या माणसाची खोड अशी, की मुख्य चाल बायकांना द्यायचीच नाही. ती पुरुषांना, उंच पट्टीत गाणाऱ्या टेनरला. टेनरनं एकट्यानं सुरुवात करायची, त्याची ओळ निम्म्यावर आली की बायकांनी वरच्या सुरात शिरायचं. लुगडं त्याचं, आमची नुसती किनार. आमच्या चर्चच्या मंडळीत टेनर म्हणून आता हेच उरले होते. बाकीचे कोण पुण्याला गेले, कोण देवाघरी. नाताळचे व्हिडिओ आहेत मोबाईलमध्ये ढीगभर, पण त्यात पोरांचा कीबोर्डच बोंबलतोय.

"फाटलेला आवाज कशाला भरून ठेवतेस?" हे घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"फाटका तर फाटका! माझाच आहे की तो."

ह्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "बरं. कर चालू."

काय सांगू किती बरं वाटलं! घाईघाईनं बटण दाबलं. ह्यांनी माझं मनगट धरलं आणि बोटानं ठेका धरला. ओठ मात्र मिटलेलेच. मी वाट बघतेय, बोट चाललंय, आवाजाचा पत्ता नाही. निम्म्यावर ह्यांनी माझ्याकडं बोट केलं. शीर म्हणून.

"अहो, तुम्ही म्हणा ना!"

मान हलवली. पुन्हा ठेका. पुन्हा बोट माझ्याकडं. आत्ता कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस गाणारच नव्हता. उरलेला वेळ मला एकटीनं शिरायला शिकवण्यात घालवणार होता.

"पुढच्या रविवारी सूर कोण देणार आहे तुला?" हे म्हणाले. "माझी ओळ मनात म्हण. मग शीर."

"खड्ड्यात गेला तो रविवार!" मी मोबाईल बंद करून पर्समध्ये कोंबला. "मला तुमचा आवाज पाहिजे हो, कुमार. रविवार नकोय मला."

लग्नानंतर पहिल्यांदाच मी ह्यांना तोंडावर नावानं हाक मारली. हे नुसतेच हसले. आणि परत मनगटावर ठेका सुरू.

मग काय करणार? म्हटलं. चुकलं. सूर खाली लागला. ह्यांनी मान हलवली. परत म्हटलं, घाई झाली. शेजारच्या कॉटवरचे अक्कलकोटचे चनबसप्पा उठून बसले आणि हात जोडून ऐकायला लागले. मला लाजही वाटेना. रडत होते, नाक ओढत होते, चुकत होते. ह्यांची ओळ जन्मभर ऐकली, पण आता मनात आणायला गेले की नुसती खरखर. किनारीला लुगडंच सापडेना.

तेवढ्यात सिस्टर धनलक्ष्मी स्ट्रेचर घेऊन आली. "चला काका."

"दोन मिनिटं थांब गं!" मी हात जोडले. ती थांबली नाही, तिचं तरी काय चुकलं! स्ट्रेचर निघालं तरी ह्यांचं बोट माझ्या मनगटावर चालूच. ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी बोट सुटलं आणि दार बंद झालं.

मी भिंतीला टेकून खाली बसले. वॉर्डबॉय कुणाला तरी ओरडत होता, कुठंतरी लहान पोर रडत होतं. आणि एकदम ह्यांची ओळ कानात आली. पहिल्यापासून, स्वच्छ, खणखणीत, आम्ही तरुण होतो तेव्हाच्या आवाजात. निम्म्यावर आली, आणि मी शिरले. बरोब्बर! सूर अस्सा लागला की माझ्याच अंगावर काटा आला.

उठले आणि दार बडवायला लागले. "अहो, जमलं! जमलं मला! एकदा बघा तरी!"

धनलक्ष्मी बाहेर आली, तिनं माझे हात धरले. "मावशी, भूल दिली त्यांना. शुद्धीवर आल्यावर म्हणून दाखवा की. कान तर चांगले आहेत काकांचे."

"कान आहेत गं बाई," मी म्हटलं. "ऐकतील, मानसुद्धा डोलावतील. पण शाब्बास कोण म्हणणार मला?"