चाचाच्या इफ्तारीचा ससा

अंबादासला शेखी मिरवायची खोड होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तसा माणूस वाईट नव्हता. पाटणच्या डोंगरात वाढलेला, अंगानं काटक, कामाला कधी मागं न सरणारा. पण सशाचा विषय निघाला की गड्याची छाती फुगायची. "ससा धरावा तर आमच्या घरानं," हे वाक्य तो ज्याला त्याला ऐकवायचा. ऐकणारा जांभया द्यायला लागला तरी याची गाडी थांबायची नाही.

अल ऐन सोडून पुढं गेलं की वाळूच्या टेकड्या लागतात. तिथं एका अरबाबाचा, म्हणजे अरबी मालकाचा, मजरा होता. मजरा म्हणजे मळाच की, फक्त भोवती शेत नाही, नुसती वाळू. आत खजुराची झाडं, उंट-बकऱ्यांसाठी लसूणघास आणि पाण्याची एक मोठी टाकी. घासाला पाणी द्यायचं काम अंबादासकडं. पंप आणि ट्रॅक्टर बदरुद्दीनकडं. हा बदरुद्दीन चिपळूणचा. म्हणजे कुंभार्ली घाटाच्या वर एक आणि खाली दुसरा, आणि देवानं दोघांना आणून टाकलं ते वाळूत, एका पत्र्याच्या खोलीत! फाटकाशी यूनुसचाचा राहायचा, मकरानचा म्हातारा बलुची राखणदार. तो जेवायला यांच्याकडंच यायचा.

चूल एक, हांडी एक. बदरुद्दीनच्या हाताला चव होती म्हणून रांधायचा तो, भांडी घासायचा अंबादास. "घाटी, नीट घास, कालचा मसाला तसाच आहे," असं हा म्हणायचा, आणि "गप रे कोकण्या, तुझ्या म्हावऱ्याचा वास जात न्हाई, मी काय करू," असं तो. दिवसभर एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या आणि रात्री एका ताटात जेवायचं. असं छान चाललं होतं दोघांचं.

थंडी पडली की वाळवंटातले ससे हिरव्या घासावर यायचे. लहानखुरे, कान मात्र हे एवढे लांब, रंग वाळूसारखा. घासाची नासाडी करायचे म्हणून अरबाबाची काही हरकत नव्हती. पहिल्याच हिवाळ्यात अंबादासनं सायकलच्या ब्रेकची तार काढून फास केला आणि सशाच्या वाटेवर लावला. तेव्हाच बदरुद्दीननं त्याला सांगितलं होतं, "अंब्या, फासात गुदमरून मेलेला आम्हाला चालत नाही हां. जिवंत हवा. बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली तर खायचा, नाहीतर हराम."

गावाकडं हे असलं काही नव्हतं. तिथं जाळं लावायचं, रान उठवायचं, ससा अडकला की काठी घालायची. कसा मेला हे कोण विचारतो? पण अंबादासनं डोकं चालवलं. तारेला त्यानं एक अडगाठ मारली. फास त्या गाठीपर्यंतच आवळायचा, पुढं नाही. ससा अडकून बसायचा, पण मरायचा नाही. पहाटे अंबादास त्याला कानाला धरून आणायचा आणि बदरुद्दीन सुरी घ्यायचा. या अडगाठीची शेखी तर विचारू नका. "गावाकडच्याला जमायची न्हाई ही गाठ," असं तो सांगायचा, आणि ते खरंही होतं. दोस्ताच्या धर्मासाठी शिकलेली गाठ ती. तिचा त्याला अभिमान असला तर बिघडलं कुठं?

अठ्ठ्याण्णव साली रमजान डिसेंबरात आला. त्याच हिवाळ्यात चाचाचा व्हिसा खलास झाला. अरबाब म्हणाला, म्हातारा झालास, आता घरी जा. चाचानं ट्रंक आवरायला घेतली. एका संध्याकाळी खजूर तोंडात टाकता टाकता म्हणाला, "अंबादास बेटा, जाने से पहले एक बार तेरा खरगोश खिला दे."

"चाचा, टेन्शन नहीं लेने का," अंबादासनं मांडीवर थाप मारली. "कल ही समझो."

आणि तो कल काही येईना. फास रिकामा. पुन्हा फास रिकामा. एकदा तर ससा अडकला आणि निसटून गेला, तारेला नुसते केस राहिले. अडगाठ जरा सैल पडली होती. बदरुद्दीनला तेवढंच हवं होतं. "काय रे शिकारी? ससे पाटणला गेले का तुझ्या घरच्यांना भेटायला?" चाचा हसला, बदरुद्दीन हसला. अंबादासही हसला, पण त्याला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी चाचाची शेवटची इफ्तारी होती आणि याच्या हातात काही नव्हतं. शब्द देऊन बसलेला माणूस, तोंड कुठं दाखवणार?

त्या संध्याकाळी फास लावताना त्यानं अडगाठ सोडली. सोडताना त्याला कळत होतं आपण काय करतोय, हे लक्षात ठेवा. अडगाठ नसली की फास आवळतच जातो. "लवकर उठीन," तो स्वतःशी म्हणाला. "अडकला की लगेच सोडवीन." आणि पहाटे धुकं असं दाट पडलं, थंडी अशी पडली, की हा पठ्ठ्या दोन पांघरुणांत घोरत राहिला.

उठून धावत गेला तेव्हा ससा फासात होता. मेलेला. नुसता मेलेला नाही, गार पडून लाकूड झालेला. मिशांवर दव होतं. तार मानेत रुतून दिसेनाशी झाली होती.

अंबादासनं तार सोडवून ससा हातात घेतला. टाकून द्यावा वाळूत, असं आलं त्याच्या मनात. खरंच आलं. पण मग डोळ्यांसमोर चाचा आला, आणि त्याच्या मागोमाग बदरुद्दीनचं ते हसणं. काय ते घडीभराचं हसणं! ते सोसलं असतं तर काय जीव जात होता? पण त्यानं खिशातला चाकू काढला आणि मेलेल्या सशाच्या मानेवरून फिरवला. रक्त यायचं नाव नाही. त्यानं मान दाबली, पिळली, थोडं काळपट आलं ते पुसलं. तिथंच कातडं सोलून टाकलं, आतडी काढली, मटण टाकीवर धुतलं. सगळं करताना तो मागं वळून बघत होता. आपल्याच मळ्यात चोर!

बदरुद्दीन पंपाशी होता. मटण बघून त्याचा चेहरा खुलला. "अरे वा, घाटी! मिळाला तर! पण कापला कोणी?"

"तो पाण्याचा टँकरवाला पठाण आला होता ना पहाटे. त्यानंच. तू नमाज पढून परत झोपला होतास म्हणून..."

"बिस्मिल्ला म्हणाला ना?"

"मोठ्यानं म्हणाला."

बदरुद्दीननं मान डोलावली. आणखी एक प्रश्न विचारला असता तरी अंबादास गडबडला असता. पण त्यानं विचारला नाही. दुपारभर कांदा-खोबरं भाजल्याचा वास मळ्यावर पसरला. दिवसभर उपाशी असलेला माणूस दुसऱ्यासाठी एवढं मन लावून रांधतो, हे अंबादासला नवीन नव्हतं. त्या दिवशी मात्र त्याला तिकडं बघवेना.

संध्याकाळी अजान झाली. खजूर झाला, पाणी झालं, नमाज झाली, आणि हांडी मध्ये आली. चाचानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "वाह बेटा, वाह!" मग हात पसरून तो दुआ मागायला लागला. रोजेदाराची दुआ, अंबादासच्या नावानं! त्याच्या मुलाबाळांसाठी, त्याच्या शेतासाठी, त्याच्या म्हाताऱ्या आईसाठी. आई आजारी आहे हे अंबादासनं कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, म्हाताऱ्यानं ते ध्यानात ठेवलं होतं. अंबादासनं एक घास घेतला आणि मग रस्सा नुसता बोटानं फिरवत राहिला. 

"जेव की," बदरुद्दीन म्हणाला. "शिकार तुझी आणि खातोस चिमणीसारखं?"

"पोट बरं न्हाई," अंबादास म्हणाला.

सकाळी चाचाची ट्रंक फाटकापर्यंत अंबादासनं नेली. पिकअप यायची होती. चाचानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, एक बात बोलूँ? बदरुद्दीन का साथ मत छोड़ना. तेरे को मालूम है, वो इस कमरे में बडे का गोश्त, गाय-बैल का, क्यों नहीं लाता?"

"उसको पसंद नहीं है, चाचा."

चाचा खो खो हसला. "पसंद नहीं? अरे, जान देता है उस पे! मैं आया तो पहले दिन मेरे को बोला, चाचा, इस चूल्हे पे बडा नहीं पकेगा, मेरा भाई नहीं खाता. ईद को शहर में अपने चिपलूनवालों के यहाँ जाके खाता है. वापस आने से पहले दाँत माँजता है, कपड़े बदलता है. कहता है, अंब्या को बास नहीं आनी चाहिए."

पिकअप आली, चाचा गेला. अंबादास फाटकाशी उभाच राहिला. इतकी वर्षं ज्या हांडीत आपण बेफिकीर हात घातला, ती कोणीतरी आपल्यासाठी जपली होती आणि त्याचं अवाक्षर काढलं नव्हतं. आणि आपण एक गाठ मारली तर गावभर डांगोरा! लाजेनं त्याच्या कानशिलांना आग लागली. 

त्यानंतर त्याची झोप उडाली. फास त्यानं मोडून वाळूत पुरले. बदरुद्दीननं विचारलं तर म्हणाला, ससे येत नाहीत आता. जुम्म्याला दोघं शहरात गेले. बदरुद्दीननं टेलिफोनच्या बूथमधून घरी फोन लावला आणि अंबादासला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं म्हणाला, "माझ्या खाण्यापिण्याची फिकीर करू नकोस. आमचा घाटी आहे ना, आपल्या हलालची काळजी मौलवी करणार नाही एवढी हा करतो." फोन ठेवून त्यानं डोळा मारला. अंबादासला वाटलं, बूथची काच फोडून पळत सुटावं.

शेवटी ईदच्या आधी एका दुपारी तो पंपाशी गेला. बदरुद्दीन नमाजासाठी हातपाय धूत होता.

"बदऱ्या, तो ससा मेलेला होता."

"कुठला?"

"चाचाचा. मी अडगाठ सोडली हुती. सकाळी गेलो तर गार पडलेला. टँकरवाला आलाच न्हाई. मीच कापला, मेल्यावर."

 पाणी वाहत होतं, ते बदरुद्दीननं बंद केलं.

"शिव्या घाल," अंबादास म्हणाला. "मार मला. पण बोल."

"मला काही नाही रे," बदरुद्दीन हळू म्हणाला. "मी न कळता खाल्लं. वरचा बघतोय, तो मला धरायचा नाही. पण चाचानं मला विचारलं होतं, कापला कोणी. तू भांडी आणायला गेला होतास. मी त्याला सांगितलं, अंबादासनं आणलाय, विचारायचं काय त्यात? असं सांगून मी वाढलं त्याला. माझ्या हातानं."

अंबादासनं त्याचे पाय धरले. बदरुद्दीननं ते हळूच सोडवून घेतले, पुन्हा पाणी सुरू केलं, पुन्हा पहिल्यापासून हातपाय धुतले आणि नमाजाला उभा राहिला.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं! बदरुद्दीन बोलायचा, हसायचा, कधीमधी घाटी म्हणायचा. ईदला शहरात गेला आणि येताना अंबादाससाठी डबाभर शीरखुर्मा घेऊन आला. दात घासून, कपडे बदलून आला. पण चुलीवर आता रोज डाळ शिजायची. मटण नाही, कोंबडी नाही, अंबादासनं आणलेलं अंडंही नाही. अंबादासनं कोंबडी जिवंत आणली, म्हणाला तूच काप, माझ्यासमोर काप. बदरुद्दीन म्हणाला, "तुझ्यापुरती कर. मला डाळ पुरते." म्हटलं तर यात कुठं काही बोचरं नव्हतं. अंबादासनं कोंबडी सोडून दिली, ती बकऱ्यांच्या गोठ्यात फिरत राहिली.

असे कितीतरी दिवस गेले. एका संध्याकाळी डाळीचं ताट समोर आलं आणि अंबादासला राहवलं नाही. 

"बदऱ्या, तू बडा आण. ह्याच चुलीवर शिजव, ह्याच हांडीत. माझ्यासमोर खा. मला चालंल. खरंच चालंल, आईशपथ! चाचानं सगळं सांगितलंय मला. काय म्हणून पाळतोस अजून? माझ्यासारख्यासाठी?"

बदरुद्दीननं त्याच्या ताटात आणखी एक पळी डाळ वाढली. 

"तू तुझं मोडलंस," मग तो म्हणाला, "म्हणून मी माझं मोडू का?"

अंबादासनं मान खाली घातली आणि डाळभात कालवायला घेतला.